दौंडचा आठ नंबर, शिरूरचा चार नंबर

दौंडला मी उतरले ती चुकीच्या बाजूला. पुण्याहून सकाळी निघालेली शटल तिथं रिकामी झाली, आणि गर्दीच्या मागून जायचं सोडून मी शहाणपणा करत पुलाच्या दुसऱ्या टोकाला गेले. पूल संपला तिथं गाव नव्हतंच. नुसते रूळ, वाळत घातलेले निळे डगले आणि धुरकटलेली इंजिनं. एका इंजिनापाशी तेलाचा डबा घेऊन बसलेल्या माणसानं वर पाहिलं.

"कुठं जायाचंय, बाई?"

"रेल्वे कॉलनीतल्या क्लबात. बास्केटबॉलचं मैदान आहे ना तिथं?"

"मग बराबर आलाय की," तो म्हणाला. "गावात जायाचं असतं तर चुकला असता."

माझ्या प्रवासाची सुरुवात ही अशी झाली.

कामाचं सांगते. मी चिपळूणच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि सुट्टीच्या दिवसांत बास्केटबॉलच्या सामन्यांना टेबलावर बसते. टेबलावर बसायचं म्हणजे गुणपत्रक लिहायचं. कुणी बास्केट केली, कुणाचा कितवा फाऊल झाला, सगळं त्या एका कागदावर. खेळणाऱ्यांची नावं होतात. आमच्याकडे लोक बघतात ते फक्त चूक झाल्यावर.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. राज्यातल्या जुन्या खेळाडूंवर एक स्मरणिका निघणार होती आणि प्रत्येकाची कारकीर्द आकड्यांत मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीच्यांची माहिती टपालानं आली. दौंडच्या दत्तात्रय कोकरे यांच्याकडून मात्र नुसतं एक कार्ड आलं. त्यावर दोन ओळी होत्या: "माझी छापून आलेली माहिती चुकीची आहे. समक्ष या."

म्हणून हा प्रवास. ना समुद्र, ना किल्ला, ना देवस्थान. घरच्यांनी विचारलं तेव्हा मी "कामासाठी" एवढंच सांगितलं आणि पिशवीत दोन पेन्सिली जास्त टाकल्या.

क्लब म्हणजे कौलारू लांबट इमारत, पुढे कडुनिंब आणि त्यापलीकडे सिमेंटचं मैदान. रिंगांना जाळी नव्हती, पण फळ्यांना नवा रंग होता. क्लबचे कारकून गायकवाड यांनी आधी मला उपाहारगृहात नेऊन ऑम्लेट-पाव खायला लावलं आणि मग एक जाडजूड रजिस्टर काढून दिलं. कोकऱ्यांचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"कोकरे आप्पा म्हणजे आमच्या दौंडचा हिरो! सोलापूरची फायनल माहितीय ना? शेवटच्या सेकंदाला अशी बास्केट," त्यांनी हातातला पाण्याचा ग्लास डोक्यावर उंच धरला, "आणि एका गुणानं कप आपला. पाणी सांडलं बघा."

सांडलेलं पाणी त्यांनी स्वतःच पुसलं. मी कडुनिंबाखालच्या बाकावर बसून रजिस्टर उतरवायला घेतलं. सामन्यामागून सामने, नावापुढे गुण, गुणांपुढे फाऊल. कोकऱ्यांचे आकडे खरोखर डोळ्यांत भरणारे होते. सोलापूरच्या त्या अंतिम सामन्याच्या पानावर शेरा होता: "अखेरच्या सेकंदाला कोकरे (८) यांची विजयी बास्केट." आणि त्याच ओळीत, फाऊलच्या रकान्यात, पाच.

मी पेन्सिल खाली ठेवली. पाचवा फाऊल झाला की खेळाडू बाहेर जातो. तो त्या सामन्यात पुन्हा खेळू शकत नाही. बास्केट अखेरच्या सेकंदाची असेल, तर त्यानंतर फाऊल करायला वेळच उरत नाही. आणि फाऊल आधीचा असेल, तर बास्केट करायला हा माणूस मैदानावर नव्हताच.

गायकवाडांना दाखवलं तर ते हसले. "एवढ्या वर्षांत हे कुणी बघितलं नाही, बाई. लोकं गुण बघतात. फाऊल कोण बघतं?"

कोकऱ्यांचं घर गोपाळवाडीच्या रस्त्याला होतं. ते लांबूनच ओळखू आलं, कारण त्याचं दार शेजारच्या सगळ्या दारांपेक्षा हातभर उंच होतं. दारात उभे होते आप्पा. साठीचे, पाठ सरळ, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांच्याकडे बघायला मान वर करावी लागत होती.

"आलात? या. आधी बसा. ही म्हनत व्हती, कार्डावर कोन येतंय कोकणातनं."

ही म्हणजे त्यांची पत्नी हिराबाई. त्यांनी पाणी आणलं, मागोमाग गूळशेंगदाणे आणले. आप्पांच्या वडिलांनी मेंढरांमागं सगळा मुलूख पायी तुडवलेला. आप्पा मात्र तरुणपणीच रेल्वेत खलाशी (यंत्रकामातला मदतनीस) म्हणून लागले. एकदा शिडी न घेता खांबावरचा कंदील त्यांनी उतरवून दिला, तो क्लबच्या मास्तरांनी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातात चेंडू दिला. हे सगळं ते हसत सांगत होते. मग मी वही उघडली.

"आप्पा, एक विचारू? सोलापूरच्या फायनलला तुमचे पाच फाऊल झाले होते ना? मग शेवटची बास्केट तुम्ही कशी केली?"

हिराबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"हिरे," आप्पा म्हणाले, "ट्रंक काढ."

पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद होता. त्या अंतिम सामन्याचं गुणपत्रक. सामन्यानंतर प्रत्येक संघाला एक कार्बन प्रत मिळते, ती ही. निळी अक्षरं फिकट झाली होती, घड्या विरल्या होत्या.

"मी न्हाई केली ती बास्केट," आप्पा म्हणाले. "मी बाकड्यावर बसलो व्हतो, तोंडाला टॉवेल लावून. वसंतानं केली. वसंत ओव्हाळ. चार नंबर. त्या दुसऱ्या अर्ध्यात आमचं बरंचसं गुण त्यानंच केलं. मी जवा जवा ह्ये सांगतो तवा लोकं म्हंत्यात, आप्पा लई साधा मानूस हाय, मोठेपना घेत न्हाई. ह्यो कागद दावला, तर म्हंत्यात, बघा की आप्पा, आठच लिवलाय."

मी कागद उजेडात धरला. गुणपत्रकावर एकपासून चढते आकडे छापलेले असतात. बास्केट झाली की त्या आकड्यावर रेघ मारायची आणि शेजारी बास्केट करणाऱ्याचा नंबर लिहायचा. मी शेवटच्या आकड्यापाशी बोट नेलं. आणि खरं सांगते, मलाही तिथं 8 च दिसला. इंग्रजी आठ. त्याच्या वर आणखी एक, त्याच्या वर आणखी.

"बघा. तुमाला बी आठच दिसला," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडला की मला अपराध्यासारखं झालं.

मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. आम्हा टेबलावरच्यांना एक सवय असते, आधी आकडे न वाचता लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा. पहिल्या अर्ध्यातलं अक्षर बारीक, तिरकं, आकडे इंग्रजी. मध्यंतरानंतर अक्षर बदललं होतं. जाड, उभं. म्हणजे माणूस बदलला होता. मी त्या दुसऱ्या माणसाचा प्रत्येक आकडा बघत खाली आले, आणि मध्यंतरानंतरच्या तिसऱ्याच ओळीत मला एक ८ सापडला. चक्क मराठी ८, वाकडी काठी ठेवल्यासारखा.

"आप्पा, हा दुसरा लिहिणारा मराठी आकडे लिहीत होता!" मी जवळजवळ ओरडलेच. "हा बघा त्याचा आठ. हा तुमचा. त्यानंतर तुमचे पाच फाऊल भरलेत आणि असा ८ पुढं कुठंच नाही. आणि हे जे सगळ्यांना इंग्रजी आठ वाटतात, ते त्याचे मराठी चार आहेत. ४!"

आप्पांनी कागद डोळ्यांजवळ घेतला, मग लांब धरला. हिराबाई त्यांच्या दंडाखालून बघत होत्या. स्पर्धेच्या कचेरीत कुणीतरी निकाल टाइप करताना पहिल्या अर्ध्याच्या सवयीनं ४ ला 8 वाचलं असणार, आणि तेच पुढं छापून आलं, तेच क्लबच्या रजिस्टरात उतरलं. कुणाची लबाडी नव्हती.

"न्हाई बाई," आप्पा म्हणाले, "थोडी व्हती. माझी." ते खाली बसले. "आमी सोलापूरास्नं आलो तवा स्टेशनावर बँड व्हता. वसंता गाडीत नव्हता, त्याची आई आजारी म्हनून त्यो तसाच गावी गेल्याला. हार माझ्या गळ्यात पडला. कुनीतरी म्हनलं, शेवटची बास्केट आप्पाची. आन् मी गप बसलो. एक दिस गप बसलो बघा. दुसऱ्या दिशी सांगाय लागलो, तवर उशीर झाला व्हता. वसंता आठ दिसांनी आला, सगळं ऐकलं, माझ्याकडं नुसतं बघितलं. पुढं त्यानं नोकरी बदलली, शिरूरला गेला. वीस वरसं झाली. मी गेलो न्हाई. कोनत्या तोंडानं जायाचं?"

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच राहिले. हिराबाईंनी शेंगोळे केले होते (हुलग्याच्या, म्हणजे आपल्या कुळथाच्या पिठाचे वळलेले वेटोळे झणझणीत रश्शात शिजवतात). आपल्याकडे कुळथाची पिठी आजारी माणसाला देतात. तिथं कुळथानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. आप्पांनी नुसती ताटात बोटं फिरवली. सकाळी उठले तर ते धुतलेला नेहरूशर्ट घालून, कागदाची सुरळी काखेत धरून ओट्यावर तयार.

"येतो मी बी," ते म्हणाले. "तुमी संगं हाय तवर जाऊन येतो. एकट्यानं व्हनार न्हाई."

शिरूरची एसटी पाटसवरून गेली. कारखान्याचा हंगाम जोरात होता. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि मळीचा गोडसर उग्र वास खिडकीतून आत येत होता. आप्पांचे गुडघे पुढच्या बाकाला टेकत होते. चौफुल्याला आमची गाडी उत्तरेला वळली, भीमेचा पूल ओलांडला आणि न्हावऱ्याच्या अलीकडे टायर बसला.

कंडक्टर म्हणाला, "अर्धा तास." अर्ध्या तासाचे दोन तास झाले, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. रस्त्याकडेच्या ज्वारीच्या शेतात हुरडा चालला होता. शेतकरी मामांनी हाक मारून सगळ्या गाडीला बोलावलं. आगटीत (गोवऱ्यांचा निखारा केलेला खड्डा) कोवळी कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची आणि गरम दाणे तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. मला चोळता येईना. तळहात भाजला, दाणे मातीत गेले. शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, "कोकणात काय खात्यात गं? निस्तं मासं?" आणि स्वतः चोळलेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले.

आप्पांनी एकही दाणा तोंडात घातला नाही. बांधावर बसून ते रस्त्याकडे बघत होते.

"त्यो हाकलून दिल का, बाई?"

"माहीत नाही, आप्पा."

"दिलं तर दिऊ दे," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "तुमी तेवढा कागद मातुर त्याच्या हातात द्या."

शिरूरला ओव्हाळांचं घर शोधायला वेळ लागला नाही. दोन खोल्या, पुढे तुळशीपेक्षा मोठी झालेली जास्वंद, आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. वसंतराव कारेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि अजून पहिल्या पाळीहून यायचे होते. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. सुजाता, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मी माझं नाव सांगितलं, मग आप्पांचं सांगितलं. तिचा हात कडीवरच राहिला.

"ते कोकरे?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

तिनं आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ती कॉलेजात असताना क्रीडादिनाला आलेल्या पाहुण्यांनी सोलापूरच्या फायनलची गोष्ट सांगितली होती. सुजाता उठून म्हणाली, ती बास्केट माझ्या वडिलांनी केली. सगळं सभागृह हसलं. पाहुण्यांनी छापील निकाल वाचून दाखवला. "घरी येऊन मी बाबांना विचारलं, पुरावा आहे का? ते म्हणाले, सोड. त्यानंतर आमच्या घरात बास्केटबॉलचं नाव निघालेलं नाही. मला वाटायला लागलं होतं की बाबांनीच..." पुढचं तिनं गिळलं.

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "पोरी, तुझा बाप खरं सांगत व्हता. खोटा मी पडलो."

तेवढ्यात बाहेर कंपनीची बस थांबली. वसंतराव आत आले. माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळच बुटके, खाकी पँट, हातात डबा. आप्पांना बघून ते उंबऱ्यातच थबकले. मी कागद पुढं करणार, इतक्यात वसंतराव म्हणाले,

"पाचवा फाऊल कशाला केलास रे, दत्ता? त्यो गडी तसा बी बास्केट घालवनार व्हता."

आप्पांनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "मला वाटलं घालतोय."

"घालतोय! वीस वरसं इचार करतोय मी, ह्या येड्यानं त्याला धरला कशाला."

आणि दोघं हसायला लागले. आप्पांचं हसू मध्येच वेगळं झालं आणि त्यांनी टोपी तोंडावर धरली. वसंतरावांनी डबा खाली ठेवून त्यांना दंडाला धरून बसवलं. उभ्यानं त्यांचा हात आप्पांच्या खांद्यापर्यंत नीट पोचतही नव्हता.

"राग व्हता," ते शांतपणे म्हणाले. "न्हाई कशाला म्हनू? पहिली धा वरसं लई व्हता. मग घर झालं, पोरगी शिकली, कंपनीत कायम झालो. येवढा राग ठिवायचा कुठं? दोनच खोल्या हायत."

मी सुजाताला जवळ बोलावून पत्रक कसं वाचायचं ते दाखवलं. हा हात पहिला, हा दुसरा. हा त्याचा ८. हा ४. तिनं बोट ठेवून वरून खाली एकेक ४ मोजायला सुरुवात केली. आधी मनात, मग पुटपुटत, मग मोठ्यानं. स्वयंपाकघरातून तिची आई शांताबाई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. शेवटच्या आकड्याशी सुजाता थांबली, बोट तसंच ठेवून वडिलांकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही इतके केले होते?"

वसंतराव डब्याचं झाकण लावत होते. ते आधीच लागलेलं होतं. "मोजलं कुनी तवा," ते म्हणाले.

मग पाणी आलं, चहा आला, आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही असा हुकूमही आला. शांताबाईंनी मासवड्या केल्या (नावात मास असलं तरी हा शाकाहारी पदार्थ, तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण बेसनाच्या उकडीत भरून वड्या कापतात आणि काळ्या रश्शाबरोबर खातात). मी चार खाल्ल्या. आप्पांनी, आदल्या रात्रीपासूनचा उपास फिटल्यासारख्या, किती खाल्ल्या ते लिहीत नाही. जेवताना ताटातल्या वड्या खेळाडूंसारख्या मांडून दोघांनी ती शेवटची चाल मला दाखवली. चेंडू कुणी दिला यावर त्यांचं भांडण झालं आणि बचाव करणारी वडी आप्पांनी भांडता भांडता खाऊन टाकली.

स्मरणिकेत वसंतरावांचं पान नव्हतंच. मी नवं पान घेतलं आणि त्यांची कारकीर्द विचारून लिहायला बसले. जे कागदानं सिद्ध होईल ते शाईनं, बाकीचं पेन्सिलीनं. आप्पा शेजारी बसून दुरुस्त्या सांगत होते. उठताना म्हणाले, "बाई, माझ्या पानावर त्यो पाचवा फाऊल बी लिवा. लपवू नका."

मला पुण्याला पोचायचं होतं. आप्पांना मात्र ओव्हाळांनी ठेवून घेतलं. मी निघाले तेव्हा शांताबाई त्यांना जरा पाठ टेकायला जमिनीवर दोन सतरंज्या जोडून अंथरत होत्या, एका सतरंजीत पाय मावणार नाहीत म्हणून.

पुण्याची एसटी कारेगाववरून गेली. पाळी सुटलेले कामगार रस्त्याकडेला भाजी घेत होते, हिंदी-मराठीची सरमिसळ ऐकू येत होती. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली ती अडकलीच. दिवस अजून मावळला नव्हता. मी मांडीवर वही उघडली, कोकऱ्यांच्या एकूण गुणांतून त्या दुसऱ्या अर्ध्यातले ४ चे गुण वजा केले आणि ओव्हाळांच्या पानावर मांडले. शाळेत मी हजारो वजाबाक्या करून घेतल्या असतील. हाताखाली कमी होणारा आकडा बघून आनंद झाला तो त्या दिवशी, ट्रकांच्या धुरात. उत्तर तीनदा पडताळून पाहिलं, कारण पुन्हा कुणी चूक करायची तर ती निदान माझ्याकडून नको.

चिपळूणला परतल्यावर शिक्षकखोलीत सगळ्यांनी विचारलं, शिरूर-दौंडला बघण्यासारखं काय आहे? मी हुरड्याचं सांगितलं, मासवड्यांचं सांगितलं. बाकीचं नीट सांगता येईना. माझ्या मनात दुसराच विचार घोळत होता. इतकी वर्षं मी टेबलावर बसून किती पत्रकं लिहिली, आणि माझे आकडे पुढं कुणी कसे वाचले असतील, कुणाच्या घरात त्यावरून काय झालं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. कागद बरोबर लिहिला की आपलं काम संपलं, असं वाटायचं.

पुढच्याच आठवड्यात मुलींचा एक आंतरशालेय सामना होता. पत्रकावर सगळी नावं आधीच लिहून झाली होती. तरी शिट्टी वाजायच्या आधी मी उठले, बाकावर बुटाची नाडी बांधत बसलेल्या चार नंबरच्या मुलीजवळ गेले आणि तिला तिचं नाव विचारलं.

तिनं दचकून वर बघितलं. "का, बाई? काही चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

तिनं सांगितलं. मी टेबलाशी परत आले आणि पेन उघडलं.